रूट २९ वरची ब्रँडी स्टेशनची पाटी: घोडदळाच्या लढाईचं मैदान नीट कसं बघायचं?

रस्त्याकडेला
वॉशिंग्टन डीसीहून शार्लट्सव्हिलला जाताना वॉरेंटन आणि रेमिंग्टन मागे पडलं की कल्पेपरच्या आधी ब्रँडी स्टेशन लागतं. तिथे रस्त्याच्या कडेला व्हर्जिनिया राज्याची रुपेरी-पांढरी, काळ्या अक्षरांची ओतीव पाटी आहे. ९ जून १८६३ ला इथे अमेरिकन यादवी युद्धातली घोडदळाची मोठी लढाई झाली, एवढं त्या चार-पाच ओळींतून कळतं. आजूबाजूला नुसती शेतं आणि रेल्वेचा रूळ.

प्रश्न तीन आहेत. या पाट्यांवरच्या मजकुरावर किती विसंबायचं? 'अमेरिकेतली सगळ्यात मोठी घोडदळाची लढाई' हे बिरुद खरं का? आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर कुठून सुरुवात करून कुठे संपवावं? जाणकारांनी तपशिलात लिहावं. या भागातून ये-जा करणारे मराठी लोक पुष्कळ आहेत, त्यांना उपयोग होईल.

चहाटळ
नाव वाचून पेयपानाचा धागा समजून धावत आलो. आत सगळे घोडे! असो, बसतो आता.

नकाशावेडी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाटीच्या तळाशी असतं. शेवटच्या ओळीत खात्याचं नाव आणि वर्ष ओतलेलं असतं, आधी ते वाचायचं. व्हर्जिनियाची ही योजना १९२७ साली सुरू झाली आणि पहिल्या पाट्या रूट १ वर फ्रेडरिक्सबर्ग ते रिचमंड या टप्प्यात लागल्या. 'कॉन्झर्व्हेशन कमिशन' असं नाव दिसलं तर मजकूर १९२०-४० च्या दशकांतला. 'स्टेट लायब्ररी' असेल तर १९५० नंतरचा. 'डिपार्टमेंट ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेस' असेल तर १९८९ च्या पुढचा. जुने मजकूर अगदी त्रोटक असतात. नव्यांना साधारण शंभर शब्दांची मर्यादा आहे, आणि राज्याच्या मंडळाची मंजुरी मिळाल्याशिवाय साचा ओतायला जात नाही.

डोक्यावरचा अक्षर-आकड्याचा संकेतही बघा. अक्षर बहुधा रस्त्यावरून ठरतं, रूट १ वरच्या पाट्यांना ई. त्यामुळे मूळ जागा कोणत्या रस्त्यावर होती याचा अंदाज येतो.

'इथून उत्तरेला', 'या जागी' असले शब्द मात्र तपासल्याशिवाय धरू नका. रस्ता रुंद झाला की पाटी हलते, मजकूर तोच राहतो. शंभर-दोनशे यार्ड सरकली तरी 'या जागी' चुकतं आणि रस्त्याच्या पलीकडे गेली तर दिशाच उलटी होते. हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस नावाचं संकेतस्थळ आहे, त्यात पाटीचा फोटो, पूर्ण मजकूर आणि अक्षांश-रेखांश मिळतात. घरी बसून वाचून निघा. ५५-६० मैलांच्या वेगात शंभर शब्द वाचणं शक्य नसतं.

ओतारी
@नकाशावेडी, छान लिहिलंत. साच्याबद्दल थोडी भर घालतो. सुरुवातीच्या पाट्या बिडाच्या होत्या, आता ॲल्युमिनियमच्या. ओहायोतल्या मॅरिएटा गावचा 'सेवा स्टुडिओज' हा कारखाना १९२७ पासून हेच काम करतो, आणि बऱ्याच राज्यांच्या पाट्या तिथूनच येतात.

आधी एका सपाट फळीवर उठावाची अक्षरं मांडून नमुना करतात. तो ओलसर वाळूत दाबला की वाळूत उलटा ठसा उमटतो. त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात. थंड झाल्यावर घासून साफ करायचं, मग सगळ्या पाटीला एक रंग आणि शेवटी फक्त उठावाच्या अक्षरांवर दुसरा. मजकूर दोन्ही बाजूंना हवा असेल तर नमुनेही दोन लागतात.

बिघडतं कुठे? अक्षरांच्या कडांना रंग आधी सुटतो, कारण पाणी तिथे थांबतं. खांब आणि पाटी जिथे जोडलेली असतात तिथे गाडीची धडक बसली की कान तुटतो. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांनी उडवलेले खडे खालच्या दोन ओळी खरवडून काढतात. आणि ओतलेलं अक्षर खोडता येत नाही, म्हणून चूक सापडली की बहुतेक वेळा पाटीच नवी करावी लागते. त्याचा खर्च पुरस्कर्त्याला उचलावा लागत असल्यामुळे कित्येक चुकीचे मजकूर वर्षानुवर्षं तसेच उभे राहतात.

शिलेदार
आता लढाईकडे येऊ. पाटीवर न मावणारी गोष्ट आधी सांगतो: हे दोन्हीकडचं घोडदळ एकाच जातीचं नव्हतं.

कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा स्वार स्वतःचा घोडा घेऊन येई. सरकार त्याला घोड्याच्या वापराचे रोज ४० सेंट देई. घोडा लढाईत मेला तर ठरवलेली किंमत भरून मिळे. आजाराने किंवा थकून मेला तर काही नाही. मग स्वाराने रजा काढून घरी जायचं, दुसरा घोडा मिळवायचा, नाहीतर पायदळात जायचं. युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या स्वाराला घोडा सरकारातून मिळे. म्हणजे आपल्या भाषेत दक्षिणेचे स्वार शिलेदार आणि उत्तरेचे बारगीर.

मराठी इतिहास वाचणाऱ्याला याचे परिणाम लगेच कळतील. शिलेदार घोड्याला जपतो, चांगलं जनावर आणतो, पण घोडा गेला की फौजेतून माणूसही जातो. व्हर्जिनियाचा स्वार आठवड्या-दोन आठवड्यांत घरून घोडा आणू शके. दक्षिणेचा घोडदळ सेनानी वेड हॅम्प्टन याच्या साउथ कॅरोलायनाच्या स्वारांना मात्र शेकडो मैल जावं लागे. बारगीर पद्धतीत सुरुवातीला जनावरांची हेळसांड होते, पण मागे पागा उभी राहिली की ती फौज थकत नाही. युनियनने जुलै १८६३ अखेर घोडदळाचं स्वतंत्र खातं काढलं आणि वॉशिंग्टनमध्ये गीझबरोला प्रचंड पागा उभारली. ब्रँडी स्टेशनची लढाई या दोन घटनांच्या ऐन तोंडावर झाली.

रस्त्याकडेला
@शिलेदार, हे फार महत्त्वाचं आहे. पाटीवर याचा शब्दही नाही. लढाईचा क्रम सांगाल का?

शिलेदार
सांगतो. दक्षिणेचा सेनापती ली उत्तरेकडे, पेनसिल्व्हेनियाकडे निघायच्या तयारीत होता आणि त्याची फौज कल्पेपरभोवती जमत होती. त्याचा घोडदळप्रमुख जेब स्टुअर्ट याच्याकडे सुमारे ९,५०० स्वार होते. २२ मे, ५ जून आणि ८ जून अशा तीन वेळा त्याने घोडदळाची संचलनं भरवली, शेवटचं खुद्द लीसमोर. दुसऱ्या दिवशी रॅपहॅनॉक नदी ओलांडायची म्हणून सगळे नदीच्या अलीकडे पांगून झोपले.

युनियनचा सेनापती हुकर याला घोडदळाचा हा जमाव कळला होता. त्याने आपला घोडदळप्रमुख प्लेझंटन याला साधारण ८,००० स्वार आणि ३,००० पायदळ देऊन पाठवलं. बेत असा: ब्यूफर्डने वरच्या अंगाला बेव्हर्लीच्या उतारावरून (उतार म्हणजे नदी पार करता येईल अशी उथळ जागा, फोर्ड) यायचं, ग्रेग आणि ड्यूफिए यांनी खालच्या केलीच्या उतारावरून, आणि ब्रँडी स्टेशनला एकत्र होऊन कल्पेपरकडे सरकायचं. चूक इथेच होती. स्टुअर्ट कल्पेपरला नव्हता, ब्रँडी स्टेशनलाच होता. एकत्र जमायची जागा शत्रूच्या छावणीतच निघाली.

पहाटे साडेचारच्या सुमाराला धुक्यात ब्यूफर्डची माणसं पार झाली. पुढच्या ब्रिगेडचा कर्नल ग्राइम्स डेव्हिस उताराच्या रस्त्यावरच मारला गेला. स्टुअर्टच्या घोडतोफा पुढेच उभ्या होत्या, थोडक्यात हातून जायच्या वाचल्या आणि सेंट जेम्स चर्चपाशी मागे येऊन लागल्या. त्या तोफांवर सहाव्या पेनसिल्व्हेनियाने उघड्या माळावरून चढाई केली. हे लोक मे महिन्यापर्यंत भाले वागवत होते, ते टाकून कार्बाइन (स्वाराची आखूड बंदूक) घेतल्याला जेमतेम महिना होत होता.

तिकडे ड्यूफिए रस्ता चुकून केलीच्या उताराला उशिरा पोचला आणि ग्रेग त्याच्यासाठी खोळंबला. तरीही दुपारी ग्रेग स्टुअर्टच्या थेट पिछाडीला, फ्लीटवुड टेकडीच्या पायथ्याशी आला. टेकडीवर त्या वेळी मेजर हेन्री मॅक्लेलन, थोडे जासूद आणि लेफ्टनंट कार्टरची एक तोफ, तीही तुटपुंज्या गोळ्यांची. मॅक्लेलनने ती एकटी तोफ डागायला सुरुवात केली. वर मोठी फौज असेल या समजाने ग्रेगची आघाडी थबकली आणि तेवढ्या वेळात चर्चकडून जोन्स आणि हॅम्प्टनच्या ब्रिगेडी भरधाव परतल्या. मग टेकडीवर तलवारींनी जी झुंज झाली ती या युद्धात पुन्हा क्वचित दिसली. टेकडी हातातून हातात गेली आणि युनियनच्या तीन तोफा तिथेच राहिल्या. संध्याकाळी प्लेझंटन नदीपार परत गेला. युनियनचे साडेआठशेच्या वर आणि कॉन्फेडरेट पाचशेच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

गवतफुला
वाचनखूण साठवली. स्टीव्हन्सबर्गबद्दलही लिहा की.

शिलेदार
@गवतफुला, ड्यूफिएला तिथे दोन लहान रेजिमेंटांनी अडवून धरलं. फ्रँक हॅम्प्टन, म्हणजे वेड हॅम्प्टनचा भाऊ, तिथे प्राणघातक जखमी झाला. एकाच तोफगोळ्याने कर्नल बटलरचं पाऊल गेलं आणि कॅप्टन फार्लीचा पाय. फार्ली वाचला नाही. ड्यूफिएची अख्खी डिव्हिजन फ्लीटवुडला वेळेवर पोचू शकली नाही. ग्रेगच्या हाती ती दुपारी एक वाजता असती तर टेकडी राहिली असती का, यावर अजून वाद होतात. माझ्या मते लढाई स्टीव्हन्सबर्गलाच फिरली, आणि बहुतेक लोक तिकडे फिरकतसुद्धा नाहीत.

तोफखाना
'सगळ्यात मोठी' या बिरुदाला माझी हरकत आहे. दोन्ही बाजू मिळून वीस हजारांच्या घरात माणसं होती हे खरं, पण त्यात युनियनचं ३,००० पायदळ आहे. निव्वळ घोडदळ विरुद्ध घोडदळ म्हणाल तर लुईसा काउंटीतलं ट्रेव्हिलियन स्टेशन, ११-१२ जून १८६४. युनियनच्या शेरिडनकडे नऊ हजारांच्या वर आणि वेड हॅम्प्टनकडे साडेसहा हजारांच्या आसपास, पायदळ एकही नाही. व्हर्जिनिया सेंट्रल रेल्वे उखडायला शेरिडन निघाला होता, हॅम्प्टनने त्याला परत पाठवलं. युनियनचा कस्टर तिथे चहूबाजूंनी घेरला गेला होता.

नकाशावेडी
@तोफखाना, दोन्ही विधानं आपापल्या जागी बरोबर आहेत. पायदळ वजा केलं तरी ब्रँडी स्टेशनला सतरा हजारांच्या आसपास स्वार उरतात, ट्रेव्हिलियनला सोळा हजार. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे ब्रँडी स्टेशनला 'मुख्यतः घोडदळाची सर्वांत मोठी' आणि ट्रेव्हिलियनला 'निव्वळ घोडदळाची सर्वांत मोठी' म्हणतात. त्रोटक मजकुरात पहिला गळतो तो 'मुख्यतः' हा शब्द.

तोफखाना
आकडे मान्य, पण नुसत्या माणसांच्या संख्येवर घोडदळाची लढाई मोजू नये. स्वार घोड्यावरून उतरून लढायला लागला की दर चौथा माणूस चार घोडे धरून मागे थांबतो. हजारांची रेजिमेंट गोळीबाराच्या रांगेत साडेसातशेची होते. ट्रेव्हिलियनला बराचसा वेळ लोक उतरून झाडीत लढले. ब्रँडी स्टेशनला उघडं मैदान होतं, म्हणून तलवार चालली. या फरकाला माझ्या लेखी संख्येपेक्षा जास्त महत्त्व आहे.

शिलेदार
@तोफखाना, याला सहमत. हत्यारांचा फरकही धरा. युनियनच्या शार्प्स कार्बाइनमध्ये मागून काडतूस भरता येई, मिनिटाला आठ-दहा बार. दक्षिणेकडे बऱ्याच जणांकडे तोंडाकडून भरायच्या बंदुका, मिनिटाला दोन-तीन बार, आणि घोड्यावर बसून त्या भरणं जवळजवळ अशक्य. म्हणून ते तलवार आणि रिव्हॉल्व्हरवर भर देत. पुढच्या वर्षी सात गोळ्यांच्या स्पेन्सर आल्या आणि हा फरक भलताच वाढला.

चंदीवैरण
इतकी माणसं नेमकी इथेच का जमली, याचं उत्तर रुळात आहे. एका घोड्याचा रोजचा ठरलेला शिधा १४ पौंड वैरण आणि १२ पौंड धान्य, म्हणजे पावणेबारा किलोच्या वर. ८,००० घोड्यांना दिवसाला २,०८,००० पौंड. सहा खेचरांच्या एका गाडीत साधारण दोन ते अडीच हजार पौंड जातं धरलं तरी फक्त चंदी-वैरणीला रोज ८०-१०० गाड्या. त्या खेचरांची पोटं वेगळी. रेल्वेपासून एक मुक्काम दूर गेलं की हे गणित कोसळतं. ऑरेंज अँड अलेक्झांड्रिया रेल्वे आणि जूनमधली हिरवी कुरणं एकत्र मिळायची ती कल्पेपर काउंटीत, म्हणून दक्षिणेचा ली आणि युनियनचे मीड, ग्रँट हे सेनापती आळीपाळीने इथे येऊन बसले. १८६३-६४ च्या हिवाळ्यात युनियनची अख्खी पोटोमॅक फौज इथे होती. झोपड्यांसाठी विटा लागल्या म्हणून त्यांनी सेंट जेम्स चर्च पाडलं. आज तिथे चर्च शोधू नका.

ओळीमधली
सगळे घोडे आणि तोफांबद्दल लिहिताहेत, ते उत्तमच आहे. पण जुन्या पाट्यांतून गाळलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे. १८६० मध्ये कल्पेपर काउंटीच्या लोकसंख्येतली निम्म्याहून जास्त माणसं गुलामगिरीत होती. ज्या शेतांवर ही लढाई झाली ती त्यांच्या श्रमांवर चालत होती. १९२०-३० च्या दशकांतले मजकूर सेनापतींची नावं आणि हालचाली सांगतात, युद्ध कशावरून झालं ते सांगत नाहीत. अलीकडे राज्याने आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या पुष्कळ नव्या पाट्या लावल्या आहेत. मे १८६४ मध्ये युनियनच्या फेरेरोची कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन याच केलीच्या उतारावरून पार झाली. त्यामुळे मैदान बघताना एका पाटीवर थांबू नका, त्या रस्त्यावरच्या सगळ्या वाचा.

तोफखाना
@ओळीमधली, बरोबर आहे. पण लढाईच्या पाटीवर शंभर शब्दांत कारणमीमांसा कशी बसवणार? तिथे हालचालीच हव्यात असं माझं मत.

ओळीमधली
एक वाक्य बसतं. 'या काउंटीतले निम्म्याहून अधिक लोक तेव्हा गुलामगिरीत होते' यात सात-आठ शब्द जातात. एका घोडदळ अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा कमी केला की झालं.

गवतफुला
लाल बिगुलाचं चिन्ह असलेले फलकही दिसतात, ते याच योजनेतले का?

नकाशावेडी
नाहीत. ते 'सिव्हिल वॉर ट्रेल्स'चे, १९९० च्या दशकापासूनचे. बिगुलाची पाटी फक्त वळण दाखवते. खरा फलक आत, गाडी लावायच्या जागेजवळ, कमरेच्या उंचीवर तिरका बसवलेला असतो. त्यावर नकाशा, चित्रं आणि बराच मजकूर असतो. रस्त्यावरची ओतीव पाटी गाडीतून दिसण्यासाठी, हा फलक उतरून वाचण्यासाठी.

मैलाचा_दगड
मूळ प्रश्नातला तिसरा भाग तसाच राहिलाय, तो घेतो. अर्धा दिवस, म्हणजे चार ते पाच तास धरा.

डीसीहून आय-६६ पश्चिमेला, गेन्सव्हिलला रूट २९ दक्षिणेकडे. साधारण ६५ मैल, सकाळी लवकर निघालात तर सव्वा तास. पाटी दिसली म्हणून मुख्य रस्त्याच्या कडेला गाडी थांबवू नका. रस्ता चौपदरी आणि वेगवान आहे, ट्रक अंगावरून जातात. आतल्या रस्त्याला वळून थांबा.

सुरुवात बेव्हर्ली फोर्ड रोडने करा, कल्पेपरचा छोटा विमानतळ लागतो तोच रस्ता. आधी ब्यूफर्ड्स नॉलची पायवाट, मग सेंट जेम्स चर्चची जागा. चर्चच्या जागेवर उभं राहून उत्तरेकडे तोंड करा: समोरचा सपाट माळ म्हणजे सहाव्या पेनसिल्व्हेनियाची चढाई. तिथून फ्लीटवुड टेकडीवर या. टेकडी म्हणण्यासारखी उंची नाही. पण वर उभं राहिल्यावर रूळ, ब्रँडी स्टेशन आणि स्टीव्हन्सबर्गची दिशा एका नजरेत येते, आणि एका तोफेने ग्रेग का थबकला ते जमिनीवरच कळतं. मग रुळाजवळचं ग्राफिटी हाउस. १८५८ चं घर, युद्धात इस्पितळ होतं. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी कोळशाने भिंतींवर लिहिलेली नावं आणि चित्रं १९९३ मध्ये वरच्या थरांखाली सापडली. ते रोज उघडं नसतं, निघण्याआधी वेळा बघा. वेळ उरला तर स्टीव्हन्सबर्ग आणि शेवटी केलीचा उतार. मार्च १८६३ ची वेगळी लढाईही तिथलीच, जॉन पेलम हा तरुण तोफखाना अधिकारी त्या लढाईत पडला.

क्रम उलटा करू नका. केलीपासून सुरू केलंत तर ग्रेगला पिछाडी कशी सापडली ते समजतं, पण पिछाडी म्हणजे कुणाची हेच आधी माहीत नसतं.

चहाटळ
पोळीभाजीचे डबे कुठे उघडायचे ते राहिलं की!

मैलाचा_दगड
@चहाटळ, फ्लीटवुडवर सावली कमी आहे, डबे कल्पेपर गावात उघडा. पाणी सोबत ठेवा, मैदानावर भरवशाची सोय धरू नका. मे ते सप्टेंबर गोचिड्या असतात: फिकट रंगाची पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले, पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही, आणि परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांत तपासायचं. जमिनीचा उंचसखलपणा नीट बघायचा असेल तर डिसेंबर ते मार्च उत्तम, पानं गळलेली असतात.

गवतफुला
मुलं धातुशोधक यंत्र न्यायचं म्हणताहेत. चालेल का?

मैलाचा_दगड
नाही. हा भाग आता कल्पेपर बॅटलफील्ड्स स्टेट पार्कमध्ये आहे, परवानगीशिवाय खोदणं आणि यंत्र फिरवणं बेकायदा. शेजारची पुष्कळ शेतं खाजगी आहेत, तिथे कुंपण ओलांडणंही गुन्हा. गोळी किंवा नाल वरच पडलेली दिसली तरी उचलू नये. ती नेमकी कुठे पडली होती यावरूनच सैन्याची फळी कुठे होती ते ठरवता येतं.

तोफखाना
पार्क होणं सोपं नव्हतं, हे नव्या लोकांना माहीत असावं. १९९० च्या दशकात या मैदानावर आधी कचेऱ्यांची वसाहत आणि मग मोटार शर्यतींचा ट्रॅक बांधायचं घाटत होतं. स्थानिकांनी ब्रँडी स्टेशन फाउंडेशन काढून वर्षानुवर्षं झगडा दिला. १९९७ मध्ये सुमारे ५७० एकर वाचले. फ्लीटवुडच्या माथ्यावर तर मोठं घर उभं होतं. ते ५६ एकर २०१३ मध्ये ३६ लाख डॉलरला घेतले आणि नंतर घर काढलं. स्टेट पार्क ८ जून २०२४ ला उघडलं. रस्त्यावरची पाटी या सगळ्या काळात तिथेच होती आणि तिने एक इंच जमीनही वाचवली नाही. जमीन वाचली ती लोकांनी पैसे घातले म्हणून.

ओतारी
@तोफखाना, थोडा असहमत. कोणत्या जमिनीसाठी पैसे घालायचे हे लोकांना कळायला कुणीतरी आधी जागा दाखवावी लागते. १९२७ पासून ते काम पाट्यांनी केलं.

रस्त्याकडेला
सगळ्यांचे आभार. @मैलाचा_दगड यांचा क्रम आणि @नकाशावेडी यांनी सांगितलेली तळाची ओळ छापून गाडीत ठेवतोय. एकच विचारायचं राहिलं: ट्रेव्हिलियन त्याच दिवशी जोडता येईल का?

मैलाचा_दगड
येईल, पण स्टीव्हन्सबर्ग आणि केलीचा उतार सोडावा लागेल. त्यापेक्षा ट्रेव्हिलियनला वेगळा दिवस द्या. ती लढाई दोन दिवसांची आहे, दुसऱ्या दिवशीची जागा स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि लुईसा गावातून रूट ३३ ने जावं लागतं.